सरळ चाल

‘आज जर त्या डॉक्टरनं परत म्हटलं, निर्णय तुमचाच, तर मी उठून भाईर येणार बघ,’ मी वैजंताला म्हणालो.

‘या की. कोण धरलंय तुम्हाला? मी आन् स्नेहल बसतो आत.’

एवढं बोलून बायकोनं मांडीवरची फाईल उघडली आणि चौथ्यांदा कागद मोजले. मिरजेच्या त्या मोठ्या दवाखान्यात पाठीच्या कण्याचे डॉक्टर फक्त मंगळवारी बसायचे. आमचा नंबर चौतीस, आणि आत होता अकरावा. सकाळी साडेसहाच्या एसटीनं कागलहून निघून, कोल्हापुरात गाडी बदलून आम्ही येऊन बसलो होतो. माझ्या शेजारी कमरेला पट्टा बांधलेला एक म्हातारा दर पाच मिनिटांनी ‘आता आपलाच’ म्हणत उठत होता. त्याचा नंबर एकोणपन्नास होता.

स्नेहल, आमची मुलगी, त्या लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. आठ वर्षांची, तिसरीतली. पायात मी केलेल्या कापशी धाटणीच्या कोल्हापुरी चपला, प्रत्येक पावलाला कर्रर वाजणाऱ्या. बाकड्यावरच्या बायका मान वळवून तिच्या पायांकडं बघायच्या आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

‘बघ,’ मी वैजंताला म्हणालो, ‘कशी चालतीया बघ. सरळ.’

‘बघितलं.’

‘मग?’

‘मग काय? नंबर येऊ द्या.’

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. त्या दिवशी माझ्या डोक्यात जेवढा राग होता तेवढा आयुष्यात कधी नव्हता, आणि तो कुणावर काढावा हे मला कळत नव्हतं. म्हणून मी तो वैजंतावर काढत होतो. ती जवळ बसली होती.

आधीच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात स्नेहल पायरीवरून पडली. पाठ दुखते म्हणाली म्हणून कोल्हापूरला नेली. हाड शाबूत होतं, पण एमआरआयमध्ये भलतंच निघालं. तिथल्या काणे डॉक्टरांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. मज्जारज्जू खालच्या बाजूला चरबीच्या दोरीनं जखडलाय. ‘रेडकू खुंट्याला बांधलं,’ ते म्हणाले, ‘रेडकू वाढत गेलं आणि दावं तेवढंच राहिलं, तर काय होईल?’

‘मान काचंल,’ वैजंता म्हणाली.

‘तेच. पोरगी उंच होत जाणार, आतला मज्जारज्जू ताणला जाणार. पाय, लघवी, सगळ्यावर परिणाम होतो. आत्ताच ऑपरेशन करून ती दोरी कापून टाका.’

एकाच डॉक्टरच्या सांगण्यावरून पोरीच्या पाठीत सुरी घालू नये, दुसऱ्याला दाखवावं, असं सगळ्यांनी सुचवलं. म्हणून मिरज. मिरजेचे पंडित डॉक्टर शांत, पिकल्या केसांचे. त्यांनी फोटो उजेडात धरला, पोरीला झोपवून पाय दाबले, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि काण्यांच्या बरोबर उलटं सांगितलं. दोरी आहे खरी, पण अजून ताण पडलेला दिसत नाही. पुष्कळ मुलांना जन्मभर काही होत नाही. ऑपरेशन म्हणजे बारीक नसांच्या जुडग्यात हात घालायचा, शंभरात दोघा-तिघांचं उलट नुकसान होतं. पाय अधू होतो, लघवीवरचा ताबा जातो. आपण लक्ष ठेवू. दर तीन महिन्यांनी आणा. लक्षण दिसलं की त्याच आठवड्यात ऑपरेशन.

‘मग साहेब, आम्ही करावं काय?’ मी विचारलं.

‘दोन्ही बाजू मी सांगितल्या. निर्णय शेवटी तुमचाच.’

आता सांगा. गिऱ्हाईक माझ्या दारात येतं आणि विचारतं, शेतात घालायला कुठली चप्पल घेऊ? तर मी काय म्हणतो, ही अशी आहे, ती तशी आहे, निर्णय तुमचाच? ते दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या दुकानात जाईल. मी सातवी पास. वैजंता दहावी नापास. आणि आम्ही ठरवायचं की मज्जारज्जूला हात लावावा की लावू नये! दोन शिकलेली माणसं दोन तोंडांनी बोलतात आणि वर दोघांचं बरोबर असतं. इकडं आड तिकडं विहीर, आणि मध्ये उभं करून म्हणायचं, उडी कुठं मारायची ते तुम्हीच ठरवा.

मी ठरवलं. थांबायचं. कारण माझा मामेभाऊ तुकाराम. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो जो बसला तो बसलाच, अजून दारात बसून असतो. त्याचा आजार वेगळा होता, गाठ होती, हे मला दोन्ही डॉक्टरांनी सांगून पाहिलं. मला ऐकूच आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तुकारामाचे ते काड्यांसारखे पाय यायचे आणि त्यांच्या जागी स्नेहलचे दिसायचे. मग रात्रभर झोप नाही.

वैजंताचं पहिल्या दिवसापासून एकच, करून टाका. नऊ महिने आमच्या घरात याच्यावर भांडण चाललं होतं. ती म्हणायची, सकाळी पोरीची चड्डी ओली असती. मी म्हणायचो, झोपेत होतं, तुझ्या भावाला सातवीपर्यंत होत होतं. ती म्हणायची, शाळेतल्या बाई सांगत होत्या, एका तासाला दोनदा लघवीला जाती. मी म्हणायचो, पाढे चुकवायला जात असंल. ती म्हणायची, घरात जरा बघत जावा, पाऊल नीट टाकत नाही. तेव्हा मात्र मी हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवायचो.

‘पायाचं मला सांगू नको. सत्तावीस वर्षं मी पायच बघतोय.’

आणि ते खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात माणूस पायावरून ओळखतात. गिऱ्हाईक जुनी चप्पल पुढ्यात टाकतं, मी ती उलटी करून तळ बघतो आणि सांगतो, तुमचा उजवा गुडघा दुखतोय. गिऱ्हाईक तोंडात बोट घालतं. कुणाची टाच बाहेरच्या अंगानं झिजते, कुणी चवड्यावर जोर देतं, कुणाचा एक पाय दुसऱ्याहून बारका असतो. बहुतेकांचा असतोच. तशी तशी चप्पल करायची. झिजते तिथं कातड्याचा थर वाढवायचा, बारक्या पायाचा तळ तेवढा आखूड कापायचा. आणि हे सगळं न बोलता. माझे वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाची खोड गिऱ्हाइकाला दाखवू नये, चपलेत जिरवावी. त्यांच्या हातची चप्पल घालून लंगडा माणूस लग्नात मिरवून यायचा आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. माझाही हात तसाच बसलेला होता. उगाच नाही गडहिंग्लजपासून माणसं येत.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, आणि पुढं अंगण. अंगणात माझं सगळं काम. आरी, रापी, कातड्याचे काप इकडंतिकडं पडलेले, म्हणून अंगणात अनवाणी पाय ठेवायचा नाही हा माझा कायदा. स्नेहल दिवसभर त्या अंगणात चपला घालून हुंदडायची आणि मी काम करताकरता बघायचो. सरळ चालायची. मी आणखी कुठं बघायला हवं होतं? घरात बायको बघत होती, आणि तिचं मी ऐकत नव्हतो.

तर त्या मंगळवारी दीड वाजता चौतीस नंबर पुकारला. आम्ही आत गेलो आणि माझं डोकं आणखी तापलं. पंडित डॉक्टरांच्या खुर्चीत एक पोरसवदा बाई बसल्या होत्या. पंडित साहेब ऑपरेशनला गेलेत, मी डॉक्टर मुल्ला, असं त्यांनी सांगितलं.

‘आम्ही थांबतो मग,’ मी म्हणालो. ‘त्यांनाच दाखवायचंय.’

‘त्यांना संध्याकाळ होईल. मी तपासून ठेवते, ते आले की बोलतील.’

‘बाई, साडेसहाला घर सोडलंय आम्ही. तीन वेळा तपासून झालंय. पोरगी ठणठणीत हाय. तेवढं लिहून द्या आणि पुढची तारीख द्या.’

‘अहो, गप्प बसा की,’ वैजंता म्हणाली.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली, बाहेर पस्तीस नंबरवाला दारात डोकावत असतानाही. मग वैजंताला एकेक विचारत गेल्या. लघवीचं, शौचाचं, पाय दुखतात का, रात्री उठते का. वैजंता सांगत होती आणि त्या लिहीत होत्या. माझ्या मनात आलं, हिनं सांगायचं आणि बाईनं लिहायचं, झालं, आता आजच टेबलावर घेतील. मी मध्ये तोंड घातलं.

‘डॉक्टर, आया काळजीनं वाढवून सांगतात. तुम्ही तिची चाल बघा. चाल खोटं बोलत नसती.’

‘बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘स्नेहल, दारापर्यंत जाऊन ये बघू.’

स्नेहल गेली आणि आली. कर्रर, कर्रर. ओळंब्यात धरल्यासारखी. मी वैजंताकडं असं पाहिलं, जणू मी खटला जिंकलोय.

‘छान,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘आता चपला काढून.’

स्नेहलनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, काढ की. तिनं चपला काढून टेबलाजवळ नीट जोडून ठेवल्या, मी शिकवलंय तशा, आणि चालायला लागली. पहिली दोन पावलं बरी पडली. तिसऱ्याला डावी टाच फरशीला टेकली नाही. चौथ्यालाही नाही. पाऊल चवड्यावर पडत होतं आणि ते उचलायला तिला डावी कंबर थोडी वर घ्यावी लागत होती. फार नाही, बोटभर. दाराशी वळताना तिनं भिंतीला हात लावला.

‘फरशी गार हाय,’ मी म्हणालो.

‘एप्रिल महिना आहे,’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी तपासायच्या पलंगावरची चादर काढून खाली अंथरली. ‘आता ये.’ स्नेहल चादरीवरून आली, तशीच.

‘घरात अशीच चालती,’ वैजंता म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. ‘मी किती दिवस सांगतीया यांना.’

‘काही तरी बोलू नको! दिवसभर माझ्या डोळ्यासमोर असती अंगणात. इथं माणसं बघून बुजली असंल पोरगी. बाई, तुम्ही तिला चपला घालून परत चालवा. तुम्हीच बघितली न्हवं आत्ता?’

डॉक्टरबाईंनी खाली वाकून चपला उचलल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून मागून पाहिलं. मग दोन्ही उलट्या केल्या. माझं काम माझ्यासमोर दुसरं कुणी असं तपासताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

‘डावीची टाच जाड आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तळ आखूड आहे. कुठून घेतल्या?’

‘घेतल्या न्हाईत. मी केल्यात.’ आणि देवाशपथ सांगतो, हे बोलताना माझी छाती फुगलेली होती.

‘मुद्दाम अशा केल्यात?’

‘व्हय. डावी चवड्याला लौकर झिजत होती. मग टाचेला थर द्यायचा असतोय. तुम्हाला कळायचं न्हाई, धंद्याचं हाय ते.’

‘किती थर दिलेत?’

‘दोन.’

‘एकदम दोन?’

‘छे. एकदम कसं? एक दसऱ्याला नवा जोड केला तेव्हा. मग दुसरा...’

आणि मी थांबलो.

खोलीत पंखा चालू होता, त्याखाली कागद फडफडत होते. डॉक्टरबाईंनी पेन उचललं होतं. घाई न करता त्यांनी विचारलं, ‘दुसरा कधी?’

‘संक्रांतीला.’

‘आणि हा जोड?’

‘पाडव्याचा. ह्याला तळ आखूड केला. पाय बारका वाटला म्हणून.’

‘किती?’

‘अर्धं बोट.’

त्या लिहून घेत होत्या. दसरा, संक्रांत, पाडवा. प्रत्येक सणाला नवा जोड, आणि प्रत्येक सणानंतर पंधरा दिवसांत मिरजेची फेरी. नवी चप्पल घालून पोरगी सरळ चालत आत यायची, पंडित डॉक्टर म्हणायचे चाल उत्तम आहे, आणि मी वैजंताला म्हणायचो, बघ. नऊ महिने डॉक्टर लक्ष ठेवत होते आणि त्यातले सहा महिने मी ते लक्षण कातड्याखाली झाकत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. मनात काही पाप नव्हतं. हाताला सवय होती, हात करत गेला.

‘मला माहीत न्हवतं,’ मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

‘मी सांगितलं होतं की,’ स्नेहल म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडं बघायला लागलो. ती चादरीवर उभी होती, उजव्या पायावर भार देऊन.

‘काय सांगितलं होतंस बाळा?’ डॉक्टरबाईंनी विचारलं.

‘डाव्या पायाखाली पोकळ पोकळ लागतंय म्हणून. दोनदा सांगितलं. बाबांनी लगेच चप्पल करून दिली. मग न्हाई लागलं पोकळ.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बापाचं कौतुक होतं ते. माझे बाबा कसे, सांगितलं की लगेच करून देतात. मला ते दोन्ही दिवस आठवले. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा शिवत होतो, ती पुढ्यात येऊन उभी राहिली, मी मान वर न करता म्हणालो, ठेव पुठ्ठ्यावर पाय. पेन्सिल फिरवली आणि म्हणालो, जा, खेळ. पोरीनं बापाला सांगितलं होतं, ऐकलं ते कारागिरानं. तिच्या तोंडाकडं एकदा बघितलं असतं तरी चाललं असतं.

मला त्या बाईंनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, घरी जुने जोड आहेत का, पुठ्ठे आहेत का, असतील तर आणा, पायात कधी कधी काय बदल होत गेला ते त्यावरून कळेल. मग लघवीची सोनोग्राफी करायला पाठवलं. त्यात निघालं की लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच उरते. वैजंता नऊ महिने सांगत होती त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं.

पंडित डॉक्टर पाच वाजता आले. त्यांनी स्नेहलला अनवाणी चालवलं, डॉक्टरबाईंचं टिपण वाचलं, आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

‘चूक माझीही आहे,’ ते म्हणाले. ‘मी चपला काढायला सांगायला पाहिजे होतं.’

मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली. आता म्हणताय! पण कुठल्या तोंडानं धरणार?

‘आता थांबण्यात अर्थ नाही. दोरीचा ताण पडायला लागलाय. शुक्रवारी घेऊ. पण ऑपरेशनचा धोका मी पहिल्यांदा सांगितला होता तोच आहे, तो कमी झालेला नाही. आणि गेलंय ते सगळं परत येईलच असं नाही. पुढं जायचं थांबेल, एवढं नक्की म्हणतो. बाहेर बसा, बोला आणि सांगा.’

यावेळी ‘निर्णय तुमचाच’ हे दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. पण फॉर्म आमच्याच हातात दिला.

व्हरांडा रिकामा झाला होता. स्नेहल टोकाच्या बाकड्यावर सिस्टरनं दिलेलं बिस्किट खात होती. फॉर्म वैजंताच्या हातात होता. जी बाई नऊ महिने करून टाका, करून टाका म्हणत होती ती आता त्या कागदाकडं बघेना.

‘शंभरात दोघं-तिघं म्हणले न्हवं?’

‘व्हय.’

‘त्यात आपली असली तर?’

मी खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडझाप करत बसलो.

‘बोला की! आता का दातखिळी बसली? नऊ महिने तोंड चालत होतं न्हवं?’

माझ्या ओठावर आलं होतं, तू म्हणशील तसं करू. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं की मी काय बोलणार आहे. निर्णय तुमचाच. हेच की ते, दुसऱ्या शब्दांत. ज्याच्यासाठी मी त्या डॉक्टरला सकाळपासून शिव्या घालत होतो, तेच मी बायकोच्या पदरात टाकून मोकळा होणार होतो. सगळं तिच्या अंगावर. उद्या वाईट झालं तर तूच म्हणाली होतीस म्हणायला बरं.

‘करूया,’ मी म्हणालो.

‘आन् उलटं झालं तर?’

‘तर माझ्यामुळं झालं म्हण.’

‘तुमच्यामुळं म्हणून काय तिचे पाय परत येणार हायत?’ ती ओरडली. टोकाच्या बाकड्यावर स्नेहलनं मान वर केली. वैजंतानं पदर तोंडाला लावला आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मला काय करायचंय तुमच्यामुळं घेऊन. एवढे दिवस मी म्हणत होते तेव्हा ऐकलं असतं तर...’ आणि तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतःची सही केली आणि कागद माझ्या मांडीवर टाकला. मी तिच्या सहीखाली माझी केली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं, साडेचार तास. स्नेहल शंभरातल्या दोघा-तिघांत निघाली नाही. पाय शाबूत राहिले, पाठीचं दुखणं गेलं, लघवी वर्षभरात बरीचशी ताब्यात आली. डावा पाय मात्र अर्धं बोट लहान राहिला तो राहिलाच. टाच अजूनही पूर्ण टेकत नाही. तेव्हा, आणि नंतरही कितीदा, मी डॉक्टरबाईंना विचारलं, दसऱ्यालाच कळलं असतं तर ही टाच वाचली असती का? सांगता येत नाही, एवढंच त्या म्हणायच्या. मी चिडायचो. मला हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा. त्या दोन्ही म्हणाल्या नाहीत, आणि आता त्या तिथं नाहीत.

पण मला त्याहून जास्त आठवतं ते बाराव्या दिवशीचं, घरी सोडलं तेव्हाचं. डॉक्टर मुल्ला कागद घेऊन आल्या. ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं नाही, त्या म्हणाल्या, दोरी पुन्हा चिकटू शकते, मुलगी वाढतेय तोवर लक्ष ठेवावं लागणार. रोज सकाळी उजेडात, अनवाणी, वीस पावलं चालवून बघायचं. पाऊल कसं पडतंय, दुखतंय का, लघवीचं काय, सगळं वहीत. आणि काही वेगळं दिसलं तर कुणी काही म्हणो, फोन करायचा. त्यासाठी घरातलं एकच माणूस ठरवा, त्यांनी सांगितलं, म्हणजे हयगय होत नाही.

‘कोणाचं नाव लिहू?’

मी पुढं झालो. सत्तावीस वर्षं पाय बघितलेत, आता खरंच बघेन, असं काहीतरी बोलणार होतो, आणि मनापासून बोलणार होतो.

‘आईचं लिहा,’ स्नेहल म्हणाली. पाठीला उशी लावून ती शाळेचं पुस्तक चाळत होती, तिनं मानही वर केली नाही. ‘आई बघते.’

वैजंता माझ्याकडं बघत होती. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी मागं सरलो, आणि डॉक्टरबाईंनी कागदावर तिचं नाव लिहिलं.